आधी ब्रेक, मग रंग

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही मिशिगनमध्ये, नोव्हीला राहतो. शेजारचे आजोबा गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मुलीकडून मी त्यांची 1966 ची फोर्ड मस्टँग विकत घेतली. दोन दारांची कूपे, 289 घन इंचांचं V8 इंजिन, ऑटोमॅटिक. 2007 पासून गॅरेजात कव्हर घालून उभी होती. रंग दिसायला बरा आहे, पण ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट कुजलंय. मी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे, पण हातात पाना कधी धरलेला नाही. एका रिस्टोरेशन शॉपने फोटो बघून 'बॉडी-ऑफ' कामाचे 60 हजार डॉलर सांगितले. नवरा म्हणतो, एवढ्यात नवी मस्टँग येईल. मला तर वाटतं नवी बॅटरी लावावी आणि चावी फिरवून बघावी. पुढच्या ऑगस्टमध्ये 17 वर्षांच्या मुलीला घेऊन वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या फेरीला, जायची फार इच्छा आहे. सुरुवात कुठून करू? सगळी उघडू, की आहे तशी चालवू? आणि यात घातलेले पैसे कधी परत मिळतील का?

उत्तर:

चावी फिरवू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आजपासूनच पाळा.

इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल केव्हाच खाली उतरलेलं असतं. एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर तिथून दमट हवा शिरून आत गंजाची रेघ उमटलेली असते. अशा वेळी स्टार्टरने झटका दिला, की चिकटलेली रिंग तुटते किंवा पुशरॉड वाकतो, आणि जे इंजिन थोड्या तेलावर सुटलं असतं ते पूर्ण उघडावं लागतं. म्हणून आठही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचा-दोन चमचे पातळ तेल सोडा आणि काही दिवस विसरून जा. मग पुढच्या पुलीच्या मधल्या बोल्टला लांब दांड्याचं सॉकेट लावून इंजिन हाताने फिरवा. समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. अडलं तर जोर करू नका, आणखी तेल आणि आणखी दिवस द्या. सलग दोन फेरे मोकळे झाले की निम्मी काळजी मिटली. प्लग काढायला फार कसब लागत नाही, तेव्हा हातात पाना धरायची सुरुवात इथूनच करा.

त्यानंतर जुनं तेल काढून नवं भरायचं, फिल्टर बदलायचा आणि इंजिन सुरू करण्याआधी तेलाचा दाब तयार करायचा. या इंजिनात ते डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग) बाहेर काढून करतात. खाली ऑइल पंपाची षटकोनी दांडी दिसते, ती ड्रिलने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की तेल वर चढतं. डिस्ट्रिब्युटर काढण्यापूर्वी रोटर कुठे बघतोय याची खूण करा आणि फोटो घ्या. काढताना तो हळू उचला, कारण ती दांडी कधी कधी त्याला चिकटून वर येते आणि निसटून तेलाच्या टाकीत पडते. मग ती काढायला खालचं सगळं सोडावं लागतं. हे काम पहिल्यांदा करताना कुणी जाणकार शेजारी असलेला बरा.

पुढे कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, मोजा. सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. एकेका सिलिंडरचा आकडा किती, यापेक्षा त्यांच्यातला फरक महत्त्वाचा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तीच्या तीन चतुर्थांशाच्या वर असेल तर हे इंजिन उघडायचं काही कारण नाही. क्वालिटीवाल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: मोजल्याशिवाय नाकारू नये.

आता त्या 60 हजारांकडे वळू. ज्या शॉपने फोटो बघून मस्टँगच्या 'बॉडी-ऑफ' कामाचा भाव सांगितला, तिथे परत जाऊ नका असंच मी म्हणेन. बॉडी उचलून बाजूला ठेवायला खाली वेगळी चेसिस लागते. मस्टँगला ती नाही. तिचा सांगाडा, फरशी आणि बॉडी मिळून एकच डबा आहे, सगळं एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडलेलं. त्या काळच्या मोठ्या शेव्हरोले किंवा कॅडिलॅकच्या बाबतीत तो शब्द खरा ठरतो, तुमच्या गाडीला नाही. शॉपवाल्याला कदाचित 'सगळं सुटं करून' एवढंच म्हणायचं असेल. तरीही गाडीखाली न वाकता आकडा सांगणारा माणूस गंजाबद्दल काहीच सांगू शकत नाही, आणि तुमच्या गाडीचा खर्च गंजावरच ठरणार आहे.

कुजलेलं कार्पेट हाच या प्रकरणातला खरा पुरावा आहे. या मॉडेलच्या काचेखाली, वायपरच्या पुढे जी जाळी दिसते, तिच्या आत हवा घेण्याचा बंद पन्हळ आहे. इंग्रजीत त्याला काउल म्हणतात, पार्टवाल्यांकडे हाच शब्द चालतो. वरून पडलेलं पावसाचं पाणी दोन्ही टोकांनी खाली निघून जावं अशी रचना आहे, पण पानं आणि माती तिथे साचते, ओल धरते आणि हवेच्या झडपेभोवतीचा पत्रा आतून खाल्ला जातो. मग पाणी थेट पायांवर पडतं. कार्पेट प्रवाशाच्या बाजूला कुजलं असतं तर मी आधी हीटरच्या रेडिएटरवर संशय घेतला असता (ते पाणी गोडसर वासाचं आणि चिकट असतं). ड्रायव्हरच्या बाजूला म्हणजे बहुधा काउलच.

खात्री करणं सोपं आहे. कार्पेट उचलून टाका, मुलीला टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली झोपवा आणि वरून बागेच्या नळीने हलक्या धारेने पाणी सोडा. थेंब कुठून येतात ते तीच सांगेल. मग खालून स्क्रूड्रायव्हर घेऊन फरशी, तिच्या खालून जाणारे लांब रेल, बॅटरीखालचा पत्रा आणि डिकीच्या कडा टोचत जा. ठणठणीत पत्रा खणकन वाजतो, सडलेल्यात टोक शिरतं. मडगार्डच्या कडांवर लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. आणि गाडी जॅकवर घेतली की दोन्ही दारं उघडून लावून बघा. जमिनीवर नीट लागणारं दार वर अडायला लागलं, तर सांगाडा वाकतोय, आणि तसं असेल तर बाकीचे बेत बाजूला ठेवून आधी वेल्डर गाठा. जॅक स्टँडशिवाय कधीही खाली जायचं नाही, हे वेगळं सांगायला हवं का? सांगतो.

काउलची पक्की दुरुस्ती म्हणजे बॉनेट आणि मडगार्ड उतरवून, वरचे स्पॉट वेल्ड एकेक ड्रिल करून तो पत्रा उचलणं. पार्ट स्वस्त, मजुरी जबर. गाडी गॅरेजात राहणार असेल आणि पावसात काढायची नसेल, तर झडपेभोवती वरून चिकटवायची झाकणं मिळतात, त्यावर तुमची काही वर्षं सहज निघतील. नुसती फरशी गेली असेल तर घाबरू नका. तयार पत्रे मिळतात, आणि हे वेल्डिंग चांगला पत्रेकाम करणारा माणूस करतो, त्याला रिस्टोरेशन शॉपची पाटी लागत नाही.

माझं मत विचाराल तर गाडी सुटी करायचीच नाही. सुटी केलेली गाडी परत जोडली जात नाही, हे अमेरिकेतल्या कितीतरी गॅरेजांत खोक्यांमध्ये भरून पडलेलं दिसेल. एका वेळी एक काम उघडा, ते पूर्ण करा, मग पुढचं. एक उन्हाळा चालवा. मग गाडी स्वतःच सांगेल काय करायचं ते. रंग बरा आहे म्हणता, तर त्याला हातही लावू नका. रंगकाम हा अशा गाडीतला सर्वांत मोठा खर्च असतो आणि त्याने ती एक फूटही लवकर थांबत नाही.

पहिले पैसे ब्रेकवर घाला, आणि इथे हात आखडता घेऊ नका. 1966 च्या मस्टँगमध्ये मास्टर सिलिंडरला (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा भाग) एकच कप्पा असतो. चारही चाकांचे ब्रेक त्या एकाच कप्प्यावर. एक रबरी नळी फुटली की पेडल जमिनीला टेकतं आणि चारही चाकांना काहीच मिळत नाही. फोर्डने 1967 च्या मॉडेलला दोन कप्पे दिले आणि 1968 पासून अमेरिकेत कायद्यानेच ते बंधनकारक झालं. तेव्हा दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवून घ्या. मूळपणाचे भोक्ते नाक मुरडतील, मुरडू द्या. त्यासोबत चारही व्हील सिलिंडर, तिन्ही रबरी नळ्या आणि जिथे गंज दिसेल तिथल्या लोखंडी नळ्या बदला. निकेल-तांब्याच्या नळ्या घेतल्या तर हाताने वाकतात आणि गंजत नाहीत.

ड्रम तसेच ठेवा. नीट जुळवलेले ड्रम या गाडीला सरळ थांबवतात, डिस्क बसवायची हौस पुढे कधीही करता येईल. मात्र ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका, हवेच्या नळीने तर नाहीच. जुन्या ब्रेक शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. हे काम तुम्ही पहिलंच म्हणून करू नये. ड्रम ब्रेक हाताळलेला मेकॅनिक शोधा. तरुण मेकॅनिकांनी ते फारसे पाहिलेले नसतात, म्हणून मस्टँग क्लब ऑफ अमेरिकाच्या तुमच्या भागातल्या शाखेत विचारा. तिथले निवृत्त लोक या गाड्यांसाठी रविवार घालवायला तयार असतात, आणि त्यांच्यातले काही तर फोर्डच्याच कारखान्यांतून निवृत्त झालेले निघतील. नंतर ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो न चालो. ते हवेतलं पाणी ओढतं आणि आतून गंज धरतो.

पेट्रोलची टाकी काढावीच लागेल. 2007 चं पेट्रोल आता वार्निश झालेलं असणार. ते इंजिनात गेलं तर व्हॉल्व्ह चिकटतात. या गाडीची टाकी 16 गॅलनची, डिकीच्या तळात वरून सोडलेली, कडेच्या बोल्टांवर बसलेली. पहिल्यांदा इंजिन सुरू करताना बाहेरच्या छोट्या डब्यातून ताजं पेट्रोल द्या, जुनी टाकी मधे आणूच नका. जुनी धुण्यापेक्षा नवी घ्या. सोबत सगळ्या रबरी नळ्या बदला, आणि त्यावर 30R9 असं छापलेलं बघून घ्या, कारण आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल त्या काळच्या रबराला फुगवून तडे पाडतं. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं हे या वयाच्या गाड्यांना आग लागण्याचं नेहमीचं कारण. पुढच्या सीटखाली अग्निशामक ठेवा.

शिशाबद्दल तुम्हाला कुणीतरी घाबरवेलच. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसं घातलेलं पेट्रोल 1996 च्या सुरुवातीपासून बंद आहे, आणि त्या पेट्रोलवर बेतलेल्या व्हॉल्व्हच्या सीट त्याशिवाय झिजतात हे खरं. पण ते भरधाव, लांब, वजन ओढत चालवल्यावर. शनिवार-रविवारच्या फेरफटक्यासाठी हेड उघडू नका. कधी उघडावंच लागलं तर तेव्हा कठीण सीट बसवून घ्या. तेलाचं मात्र थोडं जपा. या इंजिनाचे टॅपेट सपाट तळाचे, कॅमवर घासत चालणारे. त्यांना झिंक आणि फॉस्फरसचं संरक्षण लागतं, जे नव्या गाड्यांच्या तेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी कमी केलंय. जुन्या इंजिनांसाठी म्हणून विकलं जाणारं तेल घ्या, फिल्टरसकट 5 क्वार्ट लागतं. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट 0.017 इंच. फोर्डच्या त्या वर्षीच्या वर्कशॉप मॅन्युअलची पुनर्मुद्रित प्रत मिळते, असे बाकीचे आकडे तिच्यात आहेत.

कूलंट, थर्मोस्टॅट, पट्टे, होज: सगळं नवं, विचार न करता. टायरवरचा DOT चा शेवटचा चार आकडी शिक्का आठवडा आणि वर्ष सांगतो. नक्षी कितीही छान दिसो, 2007 च्या आसपासचे असतील तर टाकून द्या.

गाडी ओळखायचंही एक काम आहे. ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर, बॉनेटखाली, नंबर ठोकलेला असतो. 6F07C ने सुरू होत असेल तर 1966, डिअरबॉर्नचा कारखाना, कूपे, दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं 200 अश्वशक्तीचं 289. F ऐवजी R असेल तर सॅन होजे, T असेल तर मेटचन. शेवटचं अक्षर C ऐवजी T निघालं तर ती मुळात सहा सिलिंडरची होती आणि कुणीतरी नंतर V8 टाकलंय. तशा गाडीला चाकांचे नट चार असायचे, V8 ला पाच, तेही मोजून घ्या, कारण त्या चार नटांमागे हलके ब्रेक आणि हलका मागचा ॲक्सल असतो. हा नंबर टायटलवरच्या (मालकीच्या कागदावरच्या) नंबराशी जुळतो का, हे रुपया, म्हणजे डॉलर, घालण्याआधी बघायचं होतं. असो, आता तरी बघा. आणि कुणी 'मार्टी रिपोर्ट काढा' (गाडी कारखान्यातून कशी निघाली याचा दाखला) म्हणालं तर पैसे वाचवा: ते फोर्डच्या नोंदींवरून काढतात आणि त्या 1967 पासूनच्या आहेत.

पार्ट घेताना एक पथ्य. या गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग आज नवा बनतो, पण नवा म्हणजे चांगला असं नाही. रबरी पट्ट्या आणि क्रोम तर हमखास दगा देतात. मूळ कार्ब्युरेटर, स्टार्टर, आल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर दुकानात देऊन बदली माल घेऊ नका, आहेत तेच दुरुस्त करून घ्या. आणि जुना तुकडा, कितीही गंजका असो, नवा नीट बसेपर्यंत फेकू नका.

मुलीबद्दल. तिला घेऊन जा, पण पुढच्या सीटवर, आणि पुढे काय आहे ते समजून. या गाडीत कमरेचे पट्टे आहेत, खांद्याचे नाहीत. डोक्यामागे आधार नाही. स्टीअरिंगचा दांडा सरळ पुढच्या गिअरबॉक्सपर्यंत एकसंध जातो, धडकेत दुमडत नाही. मागच्या सीटमागे पुठ्ठा आहे, पुठ्ठ्यामागे डिकी, आणि डिकीचा तळ म्हणजे पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा. मागून जोरात ठोकर बसली तर काय होईल ते तुम्ही कंपनीत बसून माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. सीटमागे लावायचा पोलादी पत्रा मिळतो, तो लावा. खांद्याचे पट्टेही बसवून मिळतात. मागच्या सीटवर कुणालाही बसवू नका आणि फ्रीवेवर जाऊ नका. मुलीने चालवायचं म्हटलं तर आधी रिकाम्या पार्किंगमध्ये थांबायचा सराव करू द्या. आजच्या गाडीत वाढलेल्या पायाला या ब्रेकचं वजन आणि ABS नसणं दोन्ही नवं असतं. मिशिगनमध्ये गाडीची नियमित सरकारी तपासणी होत नाही, म्हणजे रस्त्यावर यायला ती लायक आहे की नाही हे तुमच्याशिवाय कुणी ठरवणार नाही.

वुडवर्ड ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असतं. जुलैपर्यंत काही दीडेकशे मैल घराजवळच चालवून झालेले असले पाहिजेत. क्रूझ ही जुन्या रेडिएटरची सर्वांत कठीण परीक्षा: ऊन, बंपरला बंपर, गाडी तासाला पाच मैलांनी सरकतेय. तापमानाचा काटा वर जायला लागला तर अभिमान बाजूला ठेवून कडेला घ्या. प्लेटचं सांगायचं तर, 26 किंवा अधिक वर्षांच्या गाडीला मिशिगनमध्ये ऐतिहासिक प्लेट मिळते. एरवी तिच्यावर क्लबचे कार्यक्रम, प्रदर्शनं, मिरवणुका एवढंच चालतं, पण ऑगस्ट महिनाभर कशासाठीही चालवायची मुभा आहे. मे-जूनमध्ये आइस्क्रीम खायला जायचं असेल तर साधी प्लेट घ्या. विमा 'ॲग्रीड व्हॅल्यू'चाच, म्हणजे गाडी गेली तर किती मिळतील ते आधीच कागदावर ठरलेलं. 'स्टेटेड व्हॅल्यू' असं लिहिलेलं दिसलं तर सही करू नका, त्यात कंपनी कमी देऊ शकते.

हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी पहिल्यांदा फिरली की एप्रिलपर्यंत मस्टँग बाहेर काढायची नाही. ठेवताना ताजं तेल, स्टॅबिलायझर घातलेली भरलेली टाकी, बॅटरीला मेंटेनर, सायलेन्सरच्या तोंडात उंदरांसाठी स्टील वूल (आणि ते काढायची आठवण म्हणून स्टीअरिंगवर चिठ्ठी). दर महिन्याला दहा मिनिटं सुरू करून ठेवायची सवय लावू नका. इंजिन पुरतं तापत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये राहतं. झोपू द्या तिला.

राहिले पैसे. परत मिळणार नाहीत. 1966 मध्ये फोर्डने 6,07,568 मस्टँग बनवल्या आणि त्यातल्या बहुतेक तुमच्यासारख्याच कूपे होत्या. फास्टबॅक (मागे उतरत्या छपराच्या) आणि 271 अश्वशक्तीच्या K इंजिनाच्या गाड्यांचे भाव ऐकून कूपेचा हिशोब मांडू नये. 60 हजार घातलेली दोन बॅरलची कूपे 60 हजारांना विकली जात नाही. तुमच्या नवऱ्याचं गणित बरोबर आहे, फक्त त्यांनी तुलना चुकीच्या खर्चाशी केली. ब्रेक, टाकी, नळ्या, टायर, कूलिंग आणि फरशीचा पत्रा, या उन्हाळ्यासाठी एवढंच करायचं ठरवा आणि या यादीचे भाव दोन ठिकाणांहून लेखी मागवा. ते घेऊन नवऱ्यासमोर बसा. काउल उघडायची वेळ आली, किंवा कॉम्प्रेशनमध्ये एखादा सिलिंडर पडलेला निघाला, तर काहीही ऑर्डर करायच्या आधी आठही आकडे मला लिहून पाठवा.